अंतर मोजायचे कुठून?

गोव्याहून मुंबईला जाणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकात प्रवासाचा अवधी सामान्यतः सव्वा तास दाखविलेला असतो. नकाशावर पट्टी ठेवून दाबोळीपासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती सुमारे ४२४ किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या हिशेबाने २२९ सागरी मैल भरते. या दोन आकड्यांवर विसंबून 'आता मुंबई ती काय, तासाभराची वाट' हे वाक्य गोव्यात लग्नमंडपापासून सरकारी बैठकीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. कुणाला परळच्या रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे असो, कुणाचा मुलगा मुलाखतीला निघालेला असो, की कुणाचा भाऊ आखाती देशात परत जाण्यासाठी मुंबईचे विमान गाठणार असो, हे वाक्य सर्वांनाच धीर देते. परंतु काणकोणच्या एखाद्या वाड्यावर रात्री तीन वाजता अंगणात सामान काढून, भाड्याच्या मोटारीची वाट पाहत बसलेल्या कुटुंबाला मुंबई किती दूर आहे असे कुणी विचारले, तर त्याचे उत्तर सव्वा तास असे येणार नाही. आकडा खोटा नाही आणि ते कुटुंबही खोटे बोलत नाही. तफावत आहे ती मोजणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबवायची, या प्रश्नात.

प्रथम त्या सव्वा तासाचीच फोड करून पाहू. आजचे जेट विमान पुरेशा उंचीवर गेल्यानंतर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ४२४ किलोमीटर कापण्यास अवघी ३२ मिनिटे पुरावीत. मग उरलेली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे जातात कुठे? विमानकंपन्या आपला अवधी मोजतात तो विमान हवेत असतानाचा नव्हे. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर ते ठोकळे पुन्हा लावले की थांबते. धावपट्टीच्या टोकापर्यंत संथपणे जाणे, आपला क्रम येईपर्यंत थांबणे, उड्डाणानंतर उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग आणि उंची टप्प्याटप्प्याने कमी करीत येणे आणि उतरल्यावर जागेवर जाऊन उभे राहणे, या सर्वांची बेरीज त्या सव्वा तासात असते. गोवा-मुंबई मार्ग इतका आखूड आहे की, विमान पुरत्या वेगाने समतल उडू लागते न लागते, तोच खाली येण्याची तयारी सुरू होते.

त्यात मुंबईच्या विमानतळाची स्थिती निराळीच. तेथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या. पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा स्वतंत्रपणे एकाच वेळी उपयोग करता येत नाही आणि एवढ्या मोठ्या महानगराचा भार व्यवहारात एकाच धावपट्टीवर पडतो. उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणारी विमाने हा मुंबईच्या प्रवाशांचा नित्याचा अनुभव होय. या खोळंब्याचा अंदाज घेऊनच कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे आधीच वाढवून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी विमान 'वेळेवर' आले असे म्हणता येते. तात्पर्य, वेळापत्रकातील सव्वा तास गोवा आणि मुंबई यांच्यातील अंतराबद्दल जेवढे सांगतो, त्याहून अधिक तो मुंबईच्या गर्दीबद्दल सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई येथील विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यामागचे एक प्रमुख कारण ही गर्दीच होते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात बोइंग ७३७ जातीची जेट विमाने १९७० च्या सुमारास आली. त्या विमानांचा वेग आणि आजच्या विमानांचा वेग यांत म्हणण्यासारखा फरक नाही. या पन्नासहून अधिक वर्षांत विमानाची इंजिने कमी इंधनात अधिक भार वाहू लागली, त्यांचा आवाज उतरला, तिकीट सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आले; पण गोवा ते मुंबई हे उड्डाण काही अर्ध्या तासावर आले नाही. उलट तपासणीच्या रांगा आणि आकाशातील गर्दी वाढल्यामुळे प्रवाशाचा एकूण वेळ वाढलाच. ज्या साधनाला आपण वेगाचे प्रतीक मानतो, त्याच्या वेगात दोन पिढ्यांत वाढ झालेली नाही, हे सत्य थोडे चमत्कारिक वाटले तरी विचारात घेण्यासारखे आहे.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडू. मडगावचा एक प्रवासी दादरला निघाला आहे असे समजा. घरून दाबोळीला पोचण्यास तो पाऊण ते एक तास धरतो. विमान सुटण्यापूर्वी दोन तास विमानतळावर हजर राहावे असे त्याला सांगितलेले असते. मग तो सव्वा तासाचा प्रवास. मुंबईत उतरल्यावर सामान हाती येण्यास अर्धा तास आणि तेथून दादरला पोचण्यास, रस्त्याची कृपा असेल तर, पाऊण ते एक तास. ही बेरीज साडेपाच तासांच्या घरात जाते. या साडेपाच तासांत प्रवासी हवेत असतो तो जेमतेम एक तास. २७ जून २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत गाडी मडगाव ते मुंबई हे अंतर, पावसाळा नसेल तेव्हा, सुमारे पावणेआठ तासांत तोडते आणि दादरच्या प्रवाशाला थेट दादरलाच उतरवते. म्हणजे विमानाने वाचतात ते दोन तास. दोन तास ही क्षुल्लक बाब आहे असे आम्ही म्हणत नाही. पण 'तासाभराची वाट' आणि 'दोन तासांची बचत' या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे तरी मान्य व्हावे.

मागच्या पिढीला हा हिशेब शिकवावा लागत नव्हता, कारण अंतर तिच्या अंगावरून गेलेले होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या आगबोटींचा काळ अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे मागे टाकीत दुसऱ्या दिवशी मांडवीच्या मुखाशी येई. 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' ही बोटींची नावे आजही गोव्याच्या वृद्ध मंडळींच्या तोंडी आपुलकीने येतात. डेकवर पथारी टाकायची, शेजारच्या कुटुंबाशी शिदोरीची देवाणघेवाण करायची आणि पहाटे अग्वादचा दीप दिसला की 'आले घर' म्हणायचे, असा तो अहोरात्रीचा प्रवास. रेल्वेने जायचे तर मुंबईहून मिरजेपर्यंत एक गाडी, तेथे मीटरगेजच्या दुसऱ्या गाडीत बिऱ्हाड हलवायचे आणि मग लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करीत घाट उतरायचा. हा मार्गही अहोरात्रीचाच. तरीही त्या काळी मुंबई गोव्याला परकी वाटत नव्हती. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गोवेकरांची वस्ती होती. गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या 'कुडी' होत्या. नोकरीच्या शोधात आलेल्या तरुणाला तेथे पथारी मिळे आणि गावची खबरही मिळे. प्रवास लांबचा होता. मुंबई मात्र लांबची नव्हती.

याच्या नेमका उलट अनुभवही गोव्याने घेतला आहे. १९५५ साली सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारत आणि पोर्तुगीज अमलाखालील गोवा यांच्यातील रेल्वे वाहतूक बंद पडली, सीमा बंद झाल्या, आर्थिक निर्बंध कडक झाले. नेमक्या त्याच वर्षी पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ सुरू केला आणि विमानसेवाही उभी केली. दाबोळीहून विमान कराचीला जाई, पुढे समुद्र आणि वाळवंटे ओलांडून लिस्बनलाही जाई. पण मुंबईला जात नसे. ज्यांचे आईबाप गोव्यात आणि मुले मुंबईत, अशा असंख्य घरांना त्या काळात ४२४ किलोमीटरचे अंतर हजारो किलोमीटरांहून मोठे झाले होते. पत्राला महिने लागत, मयताची बातमी उशिरा पोचे. १९ डिसेंबर १९६१ नंतर नकाशावरचे अंतर एक तसूभरही घटले नाही. तरीही मुंबई पुन्हा जवळ आली. अंतर हे केवळ भूगोलाचे नसते, ते सत्तेच्या निर्णयाचेही असते, हे त्या सहा वर्षांनी गोव्याला शिकविले.

हाच धडा पुढे इतर रूपांत पुन्हा पुन्हा मिळत गेला. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला. पणजी आणि बेती यांच्यामधील नदीचे पात्र काही त्या दिवशी रुंदावले नव्हते. पण आदल्या दिवसापर्यंत दोन मिनिटांत ओलांडले जाणारे ते पाणी दुसऱ्या दिवसापासून फेरीबोटीच्या रांगेत उभे राहून ओलांडावे लागले. बार्देशच्या चाकरमान्याला पणजीचे कार्यालय आणि पणजीच्या व्यापाऱ्याला म्हापशाचा बाजार एकाएकी दूर झाला. त्या दिवसांत मुंबईचे विमान नेहमीच्याच वेळात मुंबईला पोचत होते. पण म्हापशाहून दाबोळी गाठणाऱ्याला मात्र उड्डाणापेक्षा नदी मोठी वाटत होती.

कोकण रेल्वेची कहाणीही येथे आठवावी. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या नेत्यांनी धरलेला आग्रह आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी व मजुरांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी केलेले कष्ट यांतून रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग उभा राहिला आणि १ मे १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. नव्वदहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. एका अहोरात्रीचा प्रवास त्यामुळे एका रात्रीवर आला. किनारपट्टीच्या इतिहासात याहून मोठी क्रांती क्वचितच झाली असेल. पण त्याच वेळी भाडे आकारणीसाठी एक विलक्षण युक्ती योजण्यात आली. मार्ग बांधण्याचा खर्च भरून काढण्यासाठी कोकण रेल्वेवरील अंतर प्रत्यक्षाहून ४० टक्के अधिक धरून प्रवाशांकडून भाडे घेण्यात आले. म्हणजे बोगदे खोदून जे अंतर कमी केले, तेच तिकिटाच्या हिशेबात पुन्हा वाढविले. खर्च भरून निघावा हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु तो संपूर्ण राष्ट्राने उचलावयाचा भार होता.  कोकणी आणि गोमंतकीय माणसाच्या वाट्याला हे कागदी किलोमीटर यावेत, यात न्याय नव्हता.

पावसाळ्यातील वेगमर्यादेची गोष्ट निराळी आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ झालेल्या भीषण अपघातांनंतर पावसाळी वेळापत्रकाचे महत्त्व सर्वांना पटले. पावसाच्या दिवसांत वंदे भारतलाही दहा तासांच्या आसपास लागतात आणि तिच्या आठवड्यातील फेऱ्याही कमी होतात. हा विलंब जीव वाचविण्यासाठी आहे. त्याबद्दल कुरकुर करणे योग्य नव्हे. मात्र चार महिन्यांचे हे वाढीव अंतर गृहीत धरून त्या काळात पर्यायी सोय काय, याचा विचार व्हावयास हवा. आणि पर्यायाचा रस्ता, म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, त्याचे चौपदरीकरण दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. तेव्हा या विषयावर अधिक लिहून वाचकांच्या जखमेवर मीठ चोळण्याची आमची इच्छा नाही.

आता आपल्या दोन विमानतळांकडे वळू. ५ जानेवारी २०२३ रोजी पेडणे तालुक्यातील मोपा येथून नियमित विमाने उडू लागली. नकाशावर पाहिले तर मोपा हे दाबोळीहून मुंबईला सुमारे ३५ किलोमीटर जवळ आहे. विमानाच्या दृष्टीने हे अंतर तीन मिनिटांचेही नाही. पण जमिनीवरच्या माणसाला तीन मिनिटांचा हा लाभ फार वेगवेगळ्या किमतीला मिळतो. पेडण्याच्या, बार्देशच्या, शेजारच्या सावंतवाडीच्या प्रवाशाला मोपा दाराशी आले. पूर्वी त्याला दोन नद्या ओलांडून दाबोळी गाठावी लागे, ते कष्ट वाचले, ही गोष्ट आनंदाचीच आहे. उलट मडगावच्या ज्या प्रवाशाला दाबोळी पंचवीस किलोमीटरांवर होती, त्याचे विमान मोपाहून सुटू लागले तर त्याला साठ-सत्तर किलोमीटर जावे लागते, आणि काणकोणच्या प्रवाशाला शंभराच्या आसपास. एकाचे अंतर कमी झाले, दुसऱ्याचे वाढले. आकाशातील सव्वा तास मात्र दोघांच्याही तिकिटावर सारखाच छापलेला आहे.

दाबोळी हा नौदलाचा तळ. तेथे आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवले जातात, ही मर्यादा जुनीच आहे आणि दुसऱ्या विमानतळाची गरज तिच्यातूनही निर्माण झाली. म्हणून मोपाला विरोध करण्याचे आमच्या मनात नाही. दाबोळी चालू राहील असे आश्वासन सरकारने वेळोवेळी दिले आहे. पण विमानतळ चालू राहतो तो आश्वासनाने नव्हे, विमानांनी. कंपन्यांनी एकेक फेरी उत्तरेकडे हलवीत नेली, तर दाबोळीचे दार उघडे राहूनही साष्टी, मुरगाव, केपे, सांगे, काणकोण येथील लोकांसाठी ते बंद झाल्यासारखेच होईल. विमानकंपनी आपली फेरी कुठून ठेवावी हे नफ्यावर ठरवते. तो तिचा व्यवसायच आहे. पण दक्षिण गोव्यातील आजाऱ्याची, विद्यार्थ्याची आणि खलाशाची सोय हा सरकारचा व्यवसाय आहे.

येथे गोव्याच्याच इतिहासातील दोन घटनांची आठवण देणे अस्थानी होणार नाही. मुक्तीनंतर दोन दशकांहून अधिक काळ गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. अभ्यासक्रम तेथे ठरत, निकाल तेथून येत, पदवीपत्रावर मोहोर तेथली असे. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक मुंबई कायमची जवळ आली. त्याआधी १९८२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत बसले. गोवा त्या न्यायालयाच्या कक्षेत आला. पण गोव्यातील पक्षकाराला दाद मागण्यासाठी मुंबईची वाट धरावी लागली नाही. या दोन निर्णयांनी जेवढे अंतर कमी केले, तेवढे कोणत्याही जेट विमानाने केलेले नाही. जाण्याचा वेग वाढविणे हा एक मार्ग झाला. जाण्याची गरजच उरू नये अशी व्यवस्था करणे हा दुसरा, आणि पुष्कळदा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

आज गोव्यातून मुंबईला जाणाऱ्या विमानात सहल संपवून परतणारे पुष्कळ असतात, हे खरे. पण त्याच विमानात मांडीवर एक्स-रेचे पाकीट धरून बसलेला एखादा वृद्धही असतो. वर्षातून चार-सहा वेळा परळच्या वाऱ्या करणाऱ्या अशा रुग्णाला सव्वा तासाचे विमान हे वरदान आहे खरे. परंतु ती तपासणी, ते औषध आणि तो तज्ज्ञ बांबोळीलाच मिळाला, तर त्याला त्या वरदानाची गरजच राहणार नाही. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या गोव्याला हे अशक्य नसावे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. विमानाचा अवधी सांगताना सरकारने आणि कंपन्यांनी तो घरापासून घरापर्यंतचा धरावा, आणि त्यानुसार योजना आखाव्यात. पहाटेच्या आणि रात्रीच्या विमानांच्या वेळा साधणाऱ्या कदंबच्या गाड्या केवळ मोठ्या शहरांतून नव्हे, तर काणकोण, सांगे, केपे, सत्तरी या तालुक्यांच्या ठिकाणांहूनही सुटाव्यात. मुंबईची किमान सकाळ-संध्याकाळची विमाने दाबोळीहून सुटतील याची हमी घ्यावी. रेल्वेने प्रवाशाकडून तो प्रत्यक्षात जेवढे किलोमीटर जातो तेवढ्यांचेच पैसे घ्यावेत. आणि ज्या कामांसाठी गोमंतकीयाला आजही मुंबई गाठावी लागते, त्यांची एक यादी करून त्यांतील किती येथेच होऊ शकतील, हे दरवर्षी विधानसभेपुढे मांडावे.

यातली एकही मागणी आकाशाशी संबंधित नाही. आकाशातील अंतर कापण्याचे काम विमानाने पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. राहिलेले अंतर जमिनीवरचे आहे, आणि ते कापणे हे विधानसभेत बसणाऱ्यांचे काम आहे. काणकोणच्या त्या अंगणात रात्री तीन वाजता दिवा लावणाऱ्या कुटुंबाला तो दिवा पाच वाजता लावता आला, तरी मुंबई खरोखर जवळ आली असे आम्ही म्हणू.